मी शिवलेला गाऊन आणि माझा उजवा पाय

माझ्या उजव्या पायाला चार बोटं आहेत. पाचवं, म्हणजे करंगळी, मी माझ्या अकलेनं घालवलं. उरलेली चार शाबूत आहेत ती दुसऱ्यांच्या अकलेमुळं.

हे लिहायला मला सिस्टर रोझलिननी बसवलं. "मास्तर, वॉर्डात दीड महिना तोंड चालवलं तुमी. आता तेच कागदावर चालवा. शुगरवाल्या माणसांना माझं ऐकू येत न्हाय. तुमच्यासारख्याचं येईल." तुमच्यासारख्याचं म्हणजे कसल्याचं, हे मी विचारलं नाही. मला माहीत होतं.

सुई

मी सोलापुरात शिंपीकाम करतो. वर्षभर शाळेचे गणवेश, आणि संक्रांतीच्या आधी महिनाभर बाराबंद्या. सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वजांच्या उंच काठ्यांबरोबर चालणारे भाविक जो पांढराशुभ्र अंगरखा घालतात, ती बाराबंदी. एका पदरावर दुसरा पदर येतो आणि बंदांनी बांधला जातो. कितीही वाका, अंग उघडं पडत नाही. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

शुगर मला आठ वर्षांपासून. गोळ्या मी परस्पर बंद करून जांभळाच्या बियांची पूड सुरू केली होती. तळपायाला मुंग्या यायच्या, त्या थांबल्या. मी बायकोला, सुनंदाला, म्हणालो, "बघ, पूड लागू पडली." मुंग्या बऱ्या झाल्या नव्हत्या. पायातली जाणीवच गेली होती. राखणीचं कुत्रं मेलं म्हणून भुंकायचं थांबलं, आणि मी म्हणत होतो, आता चोर राहिले नाहीत.

यात्रेच्या आदल्या संध्याकाळी शेवटची बाराबंदी शिवताना मशीनची सुई तुटली. सुई तुटली की दोन्ही तुकडे सापडेपर्यंत उठायचं नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. तीस वर्षं मी तो दुसऱ्यांना शिकवला. त्या दिवशी घाई होती. वरचा तुकडा मशीनमध्ये होता. खालचा म्हटलं सापडेल झाडताना.

दुसऱ्या दिवशी सिद्धेश्वरानं गावाभोवती स्थापलेल्या अडुसष्ट लिंगांच्या वाटेनं मी नंदीध्वजामागं अनवाणी चाललो. माझ्यासारखा चालणारा कुणी नाही, असं बरोबरच्या दोघांना सांगतसुद्धा होतो. घरी आलो, हातपाय न धुता सोप्यातून स्वयंपाकघरात गेलो, तर सुनंदा फरशीकडं बघत उभी.

"ही कुंकवाची पावलं कुणी काढली?"

"लक्ष्मी आली असेल."

"लक्ष्मी एकाच पायावर आली व्हय?"

मी पाय उलटा करून पाहिला. करंगळीच्या बुडाशी एक बारीक भोक. दुखत काहीच नव्हतं. काटा असेल म्हणून हळद भरली आणि झोपलो.

अत्तर

पुढचा महिना मी जे केलं ते कुणी करू नये म्हणून सांगतो. आधी हळद. मग कुणीतरी सांगितलेला पाला. मग गरम विटेचा शेक, ज्यानं टाच भाजली आणि तेही मला कळलं नाही. मग पायाला वास यायला लागला. तेव्हा मी दुकानात अत्तर शिंपडू लागलो.

गिऱ्हाइकं खूश झाली. सुनंदा झाली नाही. ती मोहोळकडच्या खेड्यातली. जनावराच्या खुराला काय झालंय हे गोठ्याच्या दारातून ओळखणारी. शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन तिनं माझा मोजा ओढून काढला. क्षणभर बघितलं आणि म्हणाली, "उठा. सिस्टरांच्या दवाखान्यात."

"तिथं नको. तिथं बाटवतात."

"मी तितं दोनदा बाळंत झाले. मला पेज दिली, पोरांना दुपटं दिलं. बाटवायला कुणी आलं न्हाय. तुमाला काय बाटवायचं राहिलंय?"

सिस्टरांचा दवाखाना म्हणजे आमच्या भागातला कॅथलिक मिशनचा. आमच्या गल्लीतली निम्मी माणसं तिथंच जन्मलेली. विड्या वळणाऱ्या तेलुगू बायका खोकला घेऊन तिथं जातात, लूमवर बोट अडकलेले तिथं जातात, करकंब-अकलूजकडची म्हातारी माणसं सकाळच्या एस.टी.नं तिथं येतात. बाटवतात ही माझी नुसती थाप होती. मला तिथं जायची लाज वाटत होती, आणि त्या लाजेचं कारण कापडी होतं.

सहा वर्षांपूर्वी त्या दवाखान्यानं पेशंटांचे गाऊन शिवायचं काम मला दिलं होतं. कापड त्यांचं. सिस्टर रोझलिननी नमुना दिला होता: पाठीमागं एक पदर दुसऱ्यावर येईल एवढा घेर, आणि बंदांच्या तीन जोड्या. मी विचार केला, आजारी माणूस झोपलेलाच असतो, त्याची पाठ बघतंय कोण. घेर कमी केला. बंदांची एकच जोडी लावली, मानेपाशी. वाचलेल्या कापडाचा माझ्या दुकानाला पडदा झाला. पडदा छान झाला. तो पूर्ण झाकतो.

दुआ

डॉक्टर मॅडमनी एक्स-रे उजेडावर धरला. करंगळीच्या बुडाशी एक सरळ पांढरी रेघ.

"मास्तर, धंदा काय करता?"

मी सांगितलं. त्यांनी मागं उभ्या असलेल्या सिस्टरकडं बघितलं. सिस्टर पुढं झाल्या, डोळे बारीक करून म्हणाल्या, "सुई हाय. किती नंबरची?"

"सोळा," मी म्हणालो. माणूस धंद्याचं विचारलं की खरं बोलतो.

सिस्टर रोझलिन मूळच्या केरळच्या. तीस वर्षं सोलापुरात. मराठी त्या पेशंटांकडून शिकल्या, त्यामुळं करकंबची म्हातारी बोलते तशी बोलतात. उंचीनं माझ्या खांद्याएवढ्या. आवाज कधी चढत नाही.

डॉक्टर मॅडम सरळ बोलल्या. करंगळी गेलेली आहे, ती उद्या काढायची. बाकीचा पाय राहील का, हे आज सांगता येत नाही. हाडात शिरलं तर घोट्याच्या वरून जाईल. मी ऐकत होतो आणि माझा उजवा पाय टेबलाखाली आपोआप वरखाली होत होता, पायडल मारल्यासारखा. मशीनला मोटर आली तरी तिला चालव आणि थांब सांगणारा पाय हाच. तोच गेला तर मी कोण उरतो, एवढा एकच विचार डोक्यात होता. विनोद सुचत नव्हता. सुनंदा नंतर म्हणाली, तुमी गप्प बसला तेव्हा मला भ्या वाटलं.

मग वॉर्डात नेलं, आणि नर्सनं माझ्या हातात गाऊन ठेवला.

शिलाई मी लगेच ओळखली. आपलं लेकरू कुणी ओळखणार नाही का. घातला. पुढून देवमाणूस दिसत होतो. मागून वारा येत होता. संडासला जायचं म्हणजे डाव्या हातात सलाईनची बाटली, उजव्या हातानं पाठीमागची दोन टोकं. त्या वॉर्डात एक अलिखित रीत होती: कुणाच्या मागं चालायची वेळ आली तर नजर फरशीवर ठेवायची. म्हातारे, तरणे, हिंदू, मुसलमान, सगळे पाळायचे. ती रीत मी सुरू केली होती, एक जोडी बंद लावून.

शेजारच्या खाटेवर रज्जाक चाचा. टेम्पोवाले. त्यांचा डावा पाय शुगरनंच गुडघ्याखालून गेलेला. मी पहिल्या दिवशी तोंड पाडून बसलो तर म्हणाले, "कायकू रोते मास्तर. तुमारा एक बोट जारा. मेरा पूरा डिपार्टमेंट गया." मग पाठीमागची टोकं ओढत म्हणाले, "ये कपडा जिसने सिया ना, उसकू एक दिन खुद पैनना पडे, इत्तीच दुआ मांगतूं मैं."

दुआ कबूल झाली होती. मी चाचांना ते तेव्हा सांगितलं नाही.

मांडीवर पाय

करंगळी गेली. जखम उघडी होती आणि रोज सकाळी सिस्टर स्वतः ड्रेसिंगला यायच्या. ठेंगण्या स्टुलावर बसायच्या, मांडीवर कापड टाकायच्या आणि माझा पाय उचलून त्यावर घ्यायच्या.

तुम्ही आमच्याकडचे असाल तर तुम्हाला कळेल. बाईमाणूस, त्यात देवाच्या कामातलं, आणि तिच्या मांडीवर माझा नासका पाय. मी पहिल्या दिवशी वाकून नमस्कार केला. सिस्टरच्या हातातली वाटी सांडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा केला. पुन्हा सांडली. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "मास्तर, हात मांडीखाली घालून बसा. तुमच्या नमस्कारापायी अर्धा दवाखाना वाया चाललाय."

मी हात मांडीखाली घालून बसू लागलो. सुनंदानं देवळातून आणलेली अंगाऱ्याची पुडी माझ्या उशाखाली असायची. चादर बदलताना ती खाली पडली तर सिस्टरनी उचलली, पुन्हा उशाखाली ठेवली आणि वरून उशी थोपटली. गाऊनबद्दल त्या कधी काही बोलल्या नाहीत. मला वाटलं, विसरल्या.

महिन्याभरात जखमेवर नवी कातडी धरली. गुलाबी, कांद्याच्या पापुद्र्याएवढी. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, आठ दिवसांत घरी. वॉर्डात मी पेढे वाटायचं जाहीर केलं. सगळ्यांना शुगर असल्यामुळं शेंगा वाटल्या.

वज्री

मग त्यांचा पवित्र आठवडा आला. त्यातल्या गुरुवारी दवाखान्याच्या छोट्या चॅपेलमध्ये फादर बारा माणसांचे पाय धुतात. त्यांच्या येशूनं शिष्यांचे धुतले होते म्हणून. दरवर्षी सिस्टर ती बारा माणसं दवाखान्यातूनच निवडतात. त्या वर्षी झाडूवाल्या मावशी, स्वयंपाकीण, वॉचमन, असे करत करत माझ्या खाटेपाशी आल्या.

"मास्तर आणि चाचा, तुमी दोघं. उजव्याला पाणी लावायचं न्हाय. डावा पाय पुढं करायचा."

"मेरा डावाच तो नई," चाचा म्हणाले.

"तुमचा उजवा."

"चलो. मैं भी आदमी पूरा गिनने में आया."

मी मात्र माझ्या डाव्या पायाकडं बघितलं. आमच्याकडं पाहुण्याचे, गुरूचे पाय आपण धुतो. तिकडून कुणी धुवायला येतोय, तेही फादर, म्हटल्यावर पाय निदान बघण्यासारखा नको का. दीड महिना न घासलेला. टाचांना भेगा. मी सुनंदाला सांगून घरची टाचा घासायची वज्री मागवली, डाव्या पायासाठी म्हणून.

गुरुवारी दुपारी न्हाणीघरात बसून मी डावा पाय असा घासला, की नव्या नवरदेवाचा वाटावा. मग उजव्याकडं बघितलं. दोन्ही शेजारी शेजारी दिसणार. एक नवरदेव आणि एक भिकारी. बँडेज उतरवलं. कडेकडेनं घासू म्हटलं. कडेकडेनं घासलं. दुखत नव्हतं, म्हणजे बरं चाललंय, असं वाटलं. तेच जुनं गणित. पाणी लाल झालं तेव्हा थांबलो. कांद्याचा पापुद्रा वज्रीला चिकटला होता.

ओरडून कुणाला बोलवावं, एवढी अक्कल पाहिजे होती. त्याऐवजी मी पुसलं, तेच बँडेज पुन्हा गुंडाळलं, आणि शिंपी असल्यामुळं फार सुबक गुंडाळलं. शेवटचं टोक आत दुमडून घातलं, शर्टाच्या हातशिलाईसारखं.

चॅपेलमध्ये आम्ही बाराजण बाकावर. फादर गुडघ्यावर बसत, पाणी घालत, पुसत पुढं सरकत होते. चाचांचा पाय झाला. माझ्यापुढं फादर बसले. सिस्टर तांब्या घेऊन मागं होत्या. त्यांची नजर उजव्या पायावर गेली आणि तिथंच राहिली.

"हे बँडेज माझ्या हातचं न्हाय," त्या हळू म्हणाल्या. "मी टोक दुमडत न्हाय."

त्याच वेळी त्या पांढऱ्यावर एक लाल ठिपका उमटला आणि पसरू लागला. फादरनी तो बघितला. माझ्याकडं बघितलं. मग माझा डावा पाय घट्ट धरला, शांतपणे धुतला, पुसला, आणि म्हणाले, "आता पळा."

पळायची सोय नव्हती. चाकांच्या खुर्चीवरून नेलं. सिस्टर वाटभर पुटपुटत होत्या ते मल्याळीत होतं. तीस वर्षांत सोलापुरात कुणी त्यांना मल्याळीत बोलताना ऐकलं नव्हतं म्हणे.

रेघ

रात्रीतून ताप भरला. शुक्रवारी सकाळी डॉक्टर मॅडमनी पाय बघितला, खिशातून पेन काढलं आणि माझ्या नडगीवर, लाली जिथपर्यंत चढली होती तिथं, आडवी रेघ ओढली.

तीस वर्षं मी खडूनं रेघ ओढतो आणि मग कात्री चालवतो. रेघ म्हणजे काय ते मला सांगावं लागत नाही.

"कापायची खूण नाही ही, मास्तर," त्या म्हणाल्या. "लाली रेघ ओलांडते का, ते बघायचंय. रविवारपर्यंत ओलांडली तर मात्र थांबता येणार नाही."

सुनंदा डबा ठेवून बसली होती. आदल्या संध्याकाळपासून माझ्याशी बोलली नव्हती. मी म्हणालो, काहीतरी बोल. ती खिडकीकडं बघत म्हणाली, "वज्री मी आणली. मी विचारायला पायजे होतं." मग पदरानं नाक पुसलं. "पाय गेला तर पायडल मी मारीन. तुमी शेजारी बसून कापड सरकवा. पण यापुढं तुमच्या पायाचं तुमी ठरवायचं न्हाय. तुमचं ठरवणं बघितलं मी."

मी हो म्हणालो. लग्नाला तीस वर्षं झाली. इतकं सरळ हो मी तोवर म्हणालो नव्हतो.

शनिवारी लाली रेघेला टेकली. दुपारी मी चाचांना सांगून टाकलं. माणूस घाबरला की पाप आधी बाहेर पडतं. "चाचा, हे गाऊन मी शिवलेत."

चाचा हसायला लागले, ते खाट हलेपर्यंत. "अल्ला," म्हणाले, "मैं तो सिर्फ पैनाने की दुआ मांगा था. पाँव का मैं नई बोला. वो मेरे खाते में नक्को डालो."

संध्याकाळी सिस्टर आल्या, स्टुलावर बसल्या, पाय मांडीवर घेतला. मी हात आपणहून मांडीखाली घातले.

"सिस्टर, त्या बारांत मला कशाला निवडलं?"

"दीड महिना मी तुमचा पाय धुते. रोज तुमी अंग चोरता. म्हटलं, एक दिवस चारचौघांत गप बसून धुवून घ्या. पाय काय वाईट नसतो, मास्तर. तुमी त्याला लाजता, म्हणून लपवता. लपवता, म्हणून सडतो."

मी म्हणालो, "ते गाऊन..."

"माहीत हाय की. सहा वर्षं झाली." त्यांनी गाठ मारली, टोक बाहेर ठेवलं. "तुमचं नाव कार्डावर बघितलं तेव्हाच नर्सला म्हणाले, यांना त्यांच्याच मापाचा द्या."

रविवारी त्यांचा मोठा सण होता, मेलेला येशू परत उठला तो. पहाटेच चॅपेलमधून गाणं ऐकू येत होतं. आठच्या सुमारास डॉक्टर मॅडम आल्या, चादर बाजूला केली, वाकल्या. सुनंदा आधीच बघून बसली होती. लाली रेघेच्या खाली होती. दोन बोटं खाली. अंगाला घाम होता, ताप नव्हता.

मॅडमनी पेनची रेघ ओल्या कापसानं पुसून टाकली. एवढंच केलं. मी मात्र त्या कापसाच्या बोळ्याकडं बघत लहान पोरासारखा रडलो आणि सगळा वॉर्ड बघत होता. पलीकडच्या खाटेवरचे अकलूजचे आजोबा म्हणाले, "पाय वाचला तर रडतंय, गेला असता तर काय केलं असतं."

मी सिस्टरना म्हणालो, तुमच्या सणालाच पाय परत आला. त्या म्हणाल्या, "इंजेक्शनानं आला. सणाला आला, ते बरं झालं."

सहा बंद

जून लागला तेव्हा मी पुन्हा मशीनवर बसलो. उजव्या पायाला पायडल अजून जाणवत नाही. मी कानानं चालवतो. आवाजावरून कळतं किती दाबलंय. पायात कायम बूट. रोज सकाळी दुकानातला आरसा जमिनीवर ठेवून दोन्ही तळवे बघतो, आणि माझ्यावर विश्वास नाही म्हणून सुनंदाही बघते. तुम्हाला शुगर असेल तर आजच बघा. दुखत नाही म्हणजे बरं आहे, असं समजू नका. मी समजत होतो.

सगळ्यात आधी दुकानाचा पडदा उतरवला आणि त्याचा नमुन्याचा गाऊन कापला. बाराबंदीच्या बेतानं: एक पदर दुसऱ्यावर, बंद बाजूला, कितीही वाका. सिस्टरना दाखवायला नेला. त्यांनी एकेक बंद ओढून बघितला.

"बारा कशाला? पेशंटला झटका आला तर डॉक्टर बंद सोडत बसतील व्हय?"

"मग आठ."

"सहा."

सहा ठरले. मग वॉर्डापुरते शिवले. यावेळी सुनंदा शेजारी बसली होती, मापाची पट्टी घेऊन.

गाऊन द्यायला गेलो त्या दिवशी रज्जाक चाचा तिथंच होते. नवा पाय बसवला होता, चालायचा सराव करायला आले होते. सिस्टरनी पहिला गाऊन त्यांनाच घालायला लावला. चाचांनी सहाही बंद बांधले, मागं हात फिरवून खात्री केली, आणि वॉर्डाच्या या टोकापासून निघाले. एक हात भिंतीला. नवा पाय टक, जुना पाय सप, टक, सप.

मी त्यांच्या मागं चालत होतो. नजर खाली घालायची गरज नव्हती. पाठ पूर्ण झाकलेली होती. तरी मी एकदा खाली बघितलं. बुटात माझा पाय होता.

"मास्तर," चाचा मागं न बघता म्हणाले, "हवा नई लगरी."

"म्हणजे फिटिंग बरोबर आहे," मी म्हणालो, आणि आम्ही दोघं चारही पायांनी टोकापर्यंत गेलो.